वाद्यांचे बारसे

(वाचकांच्या संगीतविषयक शंकांना उत्तरे देणारे सदर. या वेळी वाद्यांच्या नावांविषयी आलेली पत्रे एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे आणि व्हायोलिन शिकते. तिने आपल्या व्हायोलिनचे नाव 'चिमणी' ठेवले आहे. सासूबाईंना हे मुळीच रुचलेले नाही. वाद्य हे सरस्वतीचे रूप आहे, त्याची पूजा करावी, त्याला लाडाने हाका मारू नयेत आणि हे परदेशी खूळ घरात आणू नये, असे त्यांचे म्हणणे आहे. मुलगी म्हणते, मोठमोठे वादक असेच करतात. वादक आपल्या वाद्यांना नावे का देतात आणि आपल्याकडे अशी पद्धत होती का?
— एक आई, फोंडा

उत्तर : पूजा करावी हे सासूबाईंचे म्हणणे मान्य आहे. परदेशी खूळ हा आरोप मात्र टिकणारा नाही आणि तो खोडून काढण्यासाठी त्यांच्याच पोथीचा आधार घेता येईल. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात शंखनाद होतो तेव्हा श्रीकृष्णाचा पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौंड्र, युधिष्ठिराचा अनंतविजय, नकुलाचा सुघोष आणि सहदेवाचा मणिपुष्पक अशी सहा शंखांची नावे येतात. गंमत अशी की, त्याच्या थोडे आधी भीष्मांनी फुंकलेल्या शंखाला नाव दिलेले नाही. आणि पुढे काशिराज, शिखंडी, विराट, सात्यकी, द्रुपद यांनी आपापले शंख वाजवले एवढे सांगून संजय पुढे सरकतो. म्हणजे नाव सर्वच वाद्यांना नव्हते, काहींनाच होते. शंख हे रणवाद्य आहे, त्याचा दाखला येथे कशाला, असे कोणी म्हणेल तर वीणांकडे वळावे. सरस्वतीची कच्छपी, नारदाची महती आणि तुंबरूची कलावती ही नावे संस्कृत वाङ्मयात जुनी आहेत. माघाच्या शिशुपालवधात नारद आकाशातून उतरतो तेव्हा वाऱ्याच्या आघाताने आपोआप झंकारणाऱ्या आपल्या महतीकडे तो पुन्हा पुन्हा पाहत असतो.

ही नावे कशी पडली याकडे लक्ष दिले तर पुढचे बरेच उलगडते. पंचजन नावाच्या दैत्यापासून मिळालेला म्हणून तो पांचजन्य. देवाने दिलेला म्हणून देवदत्त. घोष चांगला म्हणून सुघोष. उगम, देणारा आणि आवाज या तीन खुंट्यांवर जगातील बहुतेक वाद्यांची नावे टांगलेली आढळतात. इटलीतील जुझेप्पे ग्वार्नेरी याने १७४३ साली घडवलेले आणि पुढे प्रख्यात व्हायोलिनवादक पागानिनीच्या हाती आलेले व्हायोलिन 'कॅनोने', म्हणजे तोफ, या नावाने ओळखले जाते, कारण त्याचा आवाज तितका दणदणीत होता. पागानिनीने ते आपल्या जेनोआ शहराला ठेवले आणि ते आजही तेथे आहे. आवाजावरून पडलेल्या नावासाठी खरे तर इटलीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधील प्रचंड घंटेला 'सोन्याची घंटा' म्हणतात ते तिच्या नादावरून. ती सोन्याची नाही.

देणाऱ्यावरून किंवा बाळगणाऱ्यावरून नाव पडण्याची रीत इटलीतील नामवंत कारागीर स्ट्राडिवारी याच्या व्हायोलिनांत अधिक दिसते. त्याने घडवलेल्यांपैकी सुमारे ६५० वाद्ये आज शिल्लक आहेत आणि त्यांतील पुष्कळांना त्यांच्या एखाद्या जुन्या मालकाचे नाव चिकटलेले आहे. १७२१ सालचे 'लेडी ब्लंट' हे कवी बायरनच्या नातीकडे, लेडी अ‍ॅन ब्लंट यांच्याकडे, होते; २०११ साली जपानमधील भूकंप आणि त्सुनामीच्या मदतकार्यासाठी ते विकले गेले तेव्हा त्याला जवळजवळ १ कोटी ५९ लाख डॉलर मिळाले. येथे प्रेमापेक्षा व्यवहार मोठा आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. एकाच कारागिराची, दिसायला सारखी, शेकडो वाद्ये बाजारात फिरत असताना यातील नेमके कोणते, हे सांगण्यासाठी व्यापाऱ्यांना नावाची गरज पडली. १७१६ सालच्या 'मसीहा' या व्हायोलिनची कथा मात्र व्यापाऱ्यांतलीच असूनही मजेदार आहे. लुइजी तारिसिओ नावाचा व्यापारी पॅरिसमध्ये त्याची तोंडभरून स्तुती करी, पण ते आणून कधी दाखवीत नसे. तेव्हा वादक देल्फँ आलार म्हणाला की, तुमचे हे व्हायोलिन मसीहासारखे आहे, सगळे वाट पाहतात आणि ते येतच नाही. आज ते ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात असते.

आपल्या मुलीच्या 'चिमणी'ला सर्वांत जवळचे उदाहरण चेलोवादक यो-यो मा यांचे आहे. त्यांचा चेलो १७३३ साली व्हेनिसच्या मोंतान्याना याने घडवलेला आहे. एका वर्गात एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले, 'तुमच्या चेलोला काही टोपणनाव आहे का?' ते म्हणाले, 'नाही. मी तुला वाजवून दाखवतो, तू नाव देशील का?' तिने 'पेट्युनिया' हे फुलाचे नाव दिले आणि ते कायम राहिले. अडीच शतके ज्याला मोठमोठ्यांनी हाताळले, त्याचे बारसे शेवटी एका शाळकरी मुलीने केले. हाच चेलो १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीच्या डिकीत विसरून राहिला होता आणि त्याच दिवशी परत मिळाला. नाव असले म्हणजे वस्तू विसरत नाही, असा याचा अर्थ काढू नये.

आता 'का' या प्रश्नाकडे येतो. निकोलस एप्ली, अ‍ॅडम वेट्झ आणि जॉन कॅचिओपो या तीन मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली माणूस निर्जीव वस्तूंना माणूसपण का देतो याची तीन कारणे मांडली : माणसांविषयीचे ज्ञान आपल्याजवळ नेहमी तयार असते, न कळणारी वस्तू समजून घेऊन तिच्या पुढच्या वागण्याचा अंदाज बांधण्याची आपल्याला गरज असते, आणि सोबतीची ओढ असते. वाद्यांच्या बाबतीत लोक पटकन तिसऱ्या कारणाकडे धावतात : एकटा वादक, रियाजाची खोली, वाद्य हाच मित्र वगैरे. माझ्या मते दुसरे कारण अधिक बलवान आहे. वाद्याला नाव मिळते ते मुख्यतः त्याच्या लहरीपणामुळे.

याचा प्रत्यय घ्यायचा असेल तर श्रावणातल्या एखाद्या संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात मैफल सुरू होण्यापूर्वी तबलजी काय करतो ते पाहावे. तो आधी चाटीवर, म्हणजे तबल्याच्या तोंडाच्या कडेवर, बोट टेकवून अंदाज घेतो. दमट हवेने पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, सैल पडून सूर उतरलेला असतो. मग हातोडीने गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर) एकेका घराशी ठोकत आणि वादीखालचे लाकडी गट्टे खाली सरकवत तो सूर वर आणतो. चारही बाजूंनी जमला असे वाटेपर्यंत समोरचे घर पुन्हा उतरलेले असते. 'आज हा ऐकत नाही' हे वाक्य त्याच्या तोंडून निघते ते अशा वेळी. व्हायोलिनचेही तसेच आहे. आषाढात खुंट्या फुगून भोकात अशा घट्ट बसतात की फिरवता फिरवता मनगट दुखते, आणि पौषाच्या कोरड्या वाऱ्यात त्याच खुंट्या सुटून तार ढिली पडते. ज्या वस्तूचे रोजचे वागणे वेगळे असते आणि तरीही तिच्याशी जुळवून घ्यावे लागते, तिच्याविषयी आपण माणसांच्या भाषेत बोलू लागतोच; नाव ही त्याची पुढची पायरी आहे. त्यातच ते वाद्य अंगाशी धरले जाते, त्याची थरथर हनुवटीला, छातीला, मांडीला जाणवते. अशी जवळीक माणसाची टेबलाशी किंवा कपाटाशी होत नाही.

मग हिंदुस्थानी संगीताच्या वादकांकडे 'पेट्युनिया' का आढळत नाही? जवळीक कमी असते म्हणून नव्हे. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूच्या शेतात वाढतो. दोन भोपळे कधीही सारखे नसतात, म्हणून दोन तंबोरेही सारखे नसतात. तो ओळखायला नावाची गरजच पडत नाही. शिष्य डोळे मिटून जवारीवरून, म्हणजे तारांच्या गुंजनावरून, सांगतात की हा गुरुजींचा मोठा तंबोरा आणि हा धाकटा. शिवाय आपल्याकडे विशेषनामाऐवजी नाते जोडण्याचा कल आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ पत्नीच्या निधनानंतर शहनाईलाच आपली बेगम म्हणत. दसऱ्याला वाद्ये पुसून, फुले वाहून पाटावर मांडणारा, तंबोरा ओलांडून न जाणारा, चुकून पाय लागला तर हात जोडणारा वादक वाद्याला आपल्याहून वडील मानतो. आणि वडीलधाऱ्यांना आपण नावाने हाक मारीत नाही. सासूबाईंचा आक्षेप नेमका येथून येतो आणि तो समजून घेण्यासारखा आहे. पण मुलीचे व्हायोलिन तिच्या मापाचे, बहुधा तीन चतुर्थांश आकाराचे असेल. दोनतीन वर्षांत ते लहान पडेल आणि दुसरे घ्यावे लागेल. ते तिच्याहून धाकटे आहे असे तिने मानले तर बिघडत नाही. दसऱ्याला त्याची पूजा करायला तिला अवश्य सांगावे. 'चिमणी'ची पूजा झाली म्हणून सरस्वती रागावणार नाही.

प्रश्न : मी चवथीच्या आरत्यांना लहानपणापासून घुमट वाजवतो. घुमटाला वैयक्तिक नाव दिल्याचे मी कधी ऐकलेले नाही. आमचे वाद्य कमी प्रतीचे समजायचे का?
— एक घुमटवादक, डिचोली

उत्तर : मुळीच नाही, २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले आहे. नाव नसण्याचे कारण त्याच्या मातीत आहे. गोठ्यातल्या गायीला नाव असते, खुराड्यातल्या कोंबड्यांना नसते, आणि त्याचा प्रेमाशी संबंध नसून आयुष्यमानाशी असतो. घुमट हा दोन्ही बाजूंनी उघडा असलेला मातीचा घडा. मोठ्या तोंडावर कातडे ताणायचे, उजव्या हाताने त्यावर वाजवायचे आणि डाव्या तळव्याने मागच्या लहान तोंडाची उघडझाप करून नाद भरायचा किंवा मोकळा सोडायचा. एका चवथीत हातातून निसटला तर पुढच्या चवथीपूर्वी कुंभाराकडून दुसरा आणायचा. तो फुटतो, त्याचे कातडे बदलावे लागते, आणि घुमटाचे कातडे तर कायद्यानेही बदलले : पूर्वी घोरपडीचे चढवीत, वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आल्यावर घोरपडीला हात लावता येईनासा झाला आणि आता बकऱ्याचे चढवतात. जुन्या वादकांना तो पहिला आवाज अजून आठवतो, पण बकऱ्याच्या कातड्यावरही उत्तम वाजवणारे तरुण आज आहेत.

दुसरे कारण असे की, घुमट एकटा वाजत नाही. काठ्यांनी वाजवायचे शामेळ, झांजेसारखे कांसाळे आणि चारपाच घुमट मिळून जे उभे राहते ते मंडळाचे असते, आणि नाव मंडळाला व गावाला मिळते. वैयक्तिक नावाची गरज एकट्याने वाजवणाऱ्याला अधिक भासते.

प्रश्न : मी मडगावात एका बँडमध्ये गिटार वाजवतो. जुन्या व्हायोलिनांचे ठीक आहे; पण कारखान्यात एका साच्यातून हजारोंनी निघणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारला 'ल्युसिल' वगैरे नाव देणे ही निव्वळ जाहिरातबाजी नव्हे का?
— एक गिटारवादक, मडगाव

उत्तर : जाहिरात पुढे झाली, हे खरे. गिब्सन कंपनीने १९८० साली अमेरिकेतील ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांच्या नावाचे 'ल्युसिल' मॉडेलच बाजारात आणले. पण नाव त्याच्या तीस वर्षे आधीचे आहे. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सॉमधील ट्विस्ट या लहानशा गावी किंग एका हॉलमध्ये वाजवीत होते. उबेसाठी मध्यभागी पिंपात घासलेट पेटवून ठेवलेले होते. दोन पुरुषांत मारामारी जुंपली, पिंप लवंडले आणि हॉलने पेट घेतला. सगळे बाहेर धावले, किंगही धावले. आणि मग गिटार आतच राहिली हे लक्षात येताच ते जळत्या इमारतीत परत शिरले आणि जेमतेम जीव वाचवून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी कळले की, भांडण तेथे काम करणाऱ्या ल्युसिल नावाच्या बाईवरून झाले होते आणि आगीत दोघे जण गेले होते. असा वेडेपणा पुन्हा करायचा नाही, याची आठवण म्हणून त्यांनी गिटारला ते नाव दिले. पुढे गिटार बदलत गेल्या, पण हाती असलेली प्रत्येक गिटार ल्युसिलच राहिली. आवाज मोठा केला की पोकळ गिटार घुमू लागते, म्हणून ते वरच्या फटींत कापड कोंबीत. कंपनीने मॉडेल काढले तेव्हा त्या फटीच काढून टाकल्या. व्हायोलिनचा मालक बदलला की नाव बदलू शकते, आणि येथे वाद्य बदलले तरी नाव टिकले : एकाच रूढीची ही दोन टोके मला सर्वांत विचार करण्यासारखी वाटतात. एकीकडे नाव लाकडाचे आहे, दुसरीकडे ते वादकाच्या आवाजाचे आहे.

साच्याविषयी म्हणाल तर साचा फार काळ टिकत नाही. अमेरिकेतील गायक विली नेल्सन १९६९ पासून एकच मार्टिन गिटार वाजवीत आले आहेत. रॉय रॉजर्स या नटाच्या घोड्यावरून त्यांनी तिला 'ट्रिगर' म्हटले. ती नायलॉनच्या तारांची. प्लेक्ट्रमने वाजवण्यासाठी ती घडवलेली नव्हती, त्यामुळे घासून घासून घोडीजवळ लाकडाला आरपार भोक पडले आहे. कारखान्यातून तशा कितीही निघाल्या असल्या तरी तेवढेच भोक असलेली दुसरी मिळणार नाही. इंग्लंडचे गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी तर स्ट्रॅटोकॅस्टर या मॉडेलच्या जुन्या इलेक्ट्रिक गिटार विकत घेऊन त्यांतील तिघींचे उत्तम भाग एकत्र जुळवले आणि त्या काळ्या गिटारला 'ब्लॅकी' म्हटले. २००४ च्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली. आपली गिटार अजून साच्यातल्या इतरांसारखीच वाटत असेल तर नावाची घाई करू नये.

आपल्या गोव्याच्या बँडवाल्यांविषयी एक गोष्ट जाता जाता. मुंबईच्या जॅझ आणि चित्रपटसंगीताच्या काळात टोपणनाव वाद्याला नव्हे, वादकाला लागत असे. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ यांना सारी मुंबई 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखत होती.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाची पेटी फार जुनी आहे. तिच्या पुढच्या फळीवर एका दिवंगत गृहस्थांचे नाव 'यांच्या स्मरणार्थ' असे रंगाने लिहिलेले आहे. आता पेटी पॉलिशला द्यायची आहे. मंडळातील मुलांचे म्हणणे, जुने नाव काढून टाकून पेटीला एखादे छान नवे नाव द्यावे. काय करावे?
— मंडळाचे कार्यवाह, साखळी

उत्तर : नाव काढू नये. गीतेतल्या देवदत्ताची जात तीच : देणाऱ्यावरून पडलेले नाव. आपल्या देवळांतील पेट्या, पखवाज, टाळांचे जोड यांवर दात्यांची नावे असतात. परदेशात 'लेडी ब्लंट' म्हटले की आपण कौतुकाने ऐकतो आणि घरच्या पेटीवरचे नाव मात्र आपल्याला जुनाट वाटते, हे बरे नव्हे. ज्या भूमीत बोरीचे पंडित तुळशीदास बोरकर यांच्यासारखा पेटीवादक जन्मला, तेथे जुन्या पेटीला एवढा मान मिळायला हरकत नाही.

पॉलिशपूर्वी मात्र काही गोष्टी कराव्यात. पेटी उघडून रीड, म्हणजे सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, कोणत्या आहेत ते जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून पाहून घ्यावे. जुन्या पेट्यांत पॅरिसच्या किंवा जर्मन रीड निघतात आणि त्या असतील तर 'नव्या घालून देतो' म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. आतल्या लाकडावर पूर्वीच्या कारागिरांनी पेन्सिलीने काही लिहिलेले असेल तर तेही तसेच राहू द्यावे. भात्याची कापडी पट्टी आणि चामडे गळत असेल तर ते बदलण्यात हयगय करू नये; वास्कोच्या दामोदर सप्ताहासारख्या चोवीस तासांच्या अखंड भजनाला पेटी न्यायची झाली तर फळीवरच्या नावापेक्षा भाताच कामाला येतो. फळीला पॉलिशकागद मारताना अक्षरांची जागा सोडायला सांगावे आणि ती पुसट झाली असतील तर आधी त्यांचे छायाचित्र घेऊन मग पेंटरकडून त्याच वळणाने पुन्हा काढून घ्यावीत.

मुलांना नवे नाव द्यायचेच असेल तर खुशाल द्यावे, फक्त ते फळीवर रंगवू नये, तोंडी वापरावे. पुढच्या सप्ताहापर्यंत मंडळातील म्हातारेही पेटी मागवताना तेच नाव घेऊ लागले तर ते लागले असे समजावे.